सोबत कोण आहे?

मागच्या मे महिन्यात प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. स्टेशनजवळच्या लॉजवर पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर, "एकट्या लेडीजला रूम देत नाही, मॅडम." दुसऱ्या लॉजवर खोली होती; आधार कार्डावरचं नाव वाचलं आणि भरली.

केवळ धर्म किंवा लिंगावरून कुणाला हॉटेलात मज्जाव करता येत नाही, असं संविधानाचं कलम 15(2) सांगतं. संविधान दिनाला आम्ही हे मुलांना शिकवतो. त्या रात्री मी सहकारी बाईंच्या नणंदेकडे झोपले.

पण फक्त लॉजवाल्यांना बोलून मी गप्प बसणार नाही. घरी परतले तर आपलीच माणसं म्हणाली, "एकटी गेलीसच कशाला? मोहल्ल्यात कुणाकडे उतरायचं." म्हणजे दिवसभर प्रशिक्षण आणि संध्याकाळी परक्या घरात पोळ्या लाटायच्या! 2018 पासून 45 वर्षांवरच्या बायका चौघींच्या गटाने मेहरमशिवाय हजला जाऊ लागल्या. मक्केपर्यंत चालतं, पुण्यात चालत नाही? पैसेवाल्यांनी शादीखाने बांधले. एकट्या मुसाफिर बाईसाठी चार खोल्या कुणी बांधल्या?

आता मी तिकिटाआधी फोन करते. पूर्ण नाव सांगते, एकटी आहे हेही सांगते. दाराला आतून कडी आहे का, रात्री दहाला रस्त्यावर दुकानं उघडी असतात का, विचारते. भाडं शेवटी.

पुढच्या महिन्यात नागपूर आहे. पाच फोन झाले. एकाने हो म्हटलंय.