न उगवलेलं बियाणं आणि जपून ठेवलेली पावती

दौलताबादच्या किल्ल्याखालच्या एका शिवारात पेरणीनंतर दहाव्या दिवशी आम्ही उभे होतो. शेतकऱ्याने तास उकरला. हातात आलं ते मऊ पडलेलं, कुजक्या वासाचं मक्याचं बी. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: पाऊस कमी झाला, पेरणी खोल गेली.

बी न उगवण्याचा हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्याआधीच, जानेवारी 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं की, बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे. 1966 च्या बियाणे कायद्यात भरपाईची तरतूद नाही, म्हणून त्याला ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही. तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पेरायला आणलेलं बी कोण घरात ठेवतो?

तरीही पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लॉट नंबरचं लेबल फेकू नका. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार द्या. रान मोडण्याआधी पंचनामा करून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीच्या ग्राहक मंचात) दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

त्या शेतकऱ्याची पावती घरच्या पंचांगात घडी घालून ठेवलेली सापडली. पंचनामा झाला आहे.