रोग रेड्याला, औषध पखालीला

मंडळाच्या गेल्या बैठकीत एक ठराव पुढे आला. आपली २००८ सालची सुमो डिझेल फार खाते, चढावर दम टाकते आणि काळा धूर सोडते. सबब ती भंगारात काढावी आणि बारा लाखांचे कर्ज काढून नवी गाडी घ्यावी. अनुमोदनाला भराभर हात वर गेले. मी विरोध केला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "तुम्ही बँकेतले कारकून. तुम्हाला इंजिनातले काय कळते?"

प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वीस वर्षे खतावण्या जुळवतो आहे. इंजिनातले मला थोडेच कळते, पण जमाखर्चातले बऱ्यापैकी कळते. गाडी डिझेल किती पिते हा प्रश्न आधी जमाखर्चाचा आहे. म्हणून मी पहिला प्रश्न विचारला: "गाडीचे ॲव्हरेज किती?" एक म्हणाले सात, दुसरे म्हणाले दहा, तिसरे म्हणाले, "पूर्वी पंधरा द्यायची हो!" लॉगबुक मागितले. ते २०१९ नंतर कोणी लिहिलेलेच नाही. ज्या खात्याची नोंदच नाही ते बुडीत आहे असे ठरवायला आमच्या बँकेत कोणी धजावणार नाही. आपण मात्र तेवढ्यावर बारा लाखांचा ठराव करायला निघालो होतो!

अध्यक्षांनी मला दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत काय दिसले, ते वार्षिक सभेपूर्वी सर्व सभासदांपुढे मांडतो. काही जणांना ते झोंबेल. इलाज नाही.

प्रथम मोजणी. टाकी काठोकाठ भरली, किलोमीटर लिहून ठेवले, गाडी नेहमीसारखी चालू दिली आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. ४१२ किलोमीटरला ४४.८ लिटर. म्हणजे ॲव्हरेज ९.२.

मग गाडी उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी चाकांची हवा बघितली. चारही चाकांत पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा आठ ते दहा पौंड कमी. चारही चाकांत एक पौंड हवा कमी असली की इंधन साधारण ०.२ टक्के जास्त लागते. दहा पौंडांना दोन टक्के. वर टायर कडेने झिजतात ते वेगळेच. हवा भरायला पैसे पडत नाहीत. पडतो तो फक्त आळस.

दुसरे, टपावरचा कॅरिअर. गणपतीत मूर्ती आणायला चढवला, तो शिमगा आला तरी तसाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गाडी हाकली तर तो दीडपटीहून अधिक होतो. सुमो म्हणजे मुळात चौकोनी पेटी, त्यावर लोखंडी पिंजरा, आणि कोल्हापूर रस्त्यावर आपले उत्साही चालक शंभरच्या खाली यायला तयार नाहीत. डिझेल मग हवा ढकलण्यातच संपते.

तिसरे, मागचे डावे चाक. गाडी थांबवून हबजवळ हात नेला तर चटका. ब्रेक पुरता सुटतच नव्हता. एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलेटरवर ठेवून आपण किती वर्षे हिंडत होतो कोण जाणे.

चौथी गोष्ट ऐकून मी कपाळाला हात लावला. इंजिनात थर्मोस्टॅटच नव्हता. "गाडी गरम होते" अशी तक्रार आल्यावर कोण्या गॅरेजवाल्याने तो काढून फेकला होता. हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. थर्मोस्टॅटचे काम इंजिन लवकर गरम करून ठराविक तापमानावर ठेवणे. तो नसला की थंडीत चोर्ल्याच्या बाजूला गेलेली गाडी निम्म्या वाटेपर्यंत थंडच राहते. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑईल जड राहते आणि झीज वाढते. गाडी गरम होत होती ती रेडिएटर तुंबल्यामुळे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

शेवटी धूर. धुराचा रंग वाचता येतो, हे मला त्या मेस्त्रींनी शिकवले. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडाला की ते आपोआप पेटते. हवेचा फिल्टर मातीने बंद, आणि नोझल फवारा सोडण्याऐवजी थेंब गाळताहेत, तर काळा धूर येणारच. तो धूर म्हणजे आपण पंपावर पैसे मोजून घेतलेले, पण न जळलेले डिझेल. डिझेल फिल्टरच्या तळातून वाटीभर पाणी निघाले. ते पाणी पंपापर्यंत गेले असते तर खर्चाचा आकडा मी इथे लिहू शकलो नसतो.

आता खर्च. हवेचा फिल्टर ४५० रुपये, डिझेल फिल्टर ६५०, इंजिन ऑईल व त्याचा फिल्टर ३,२००, चार नोझलची तपासणी व नवी टोके ४,८००, पंपाचे टायमिंग लावून घेण्याची मजुरी ९००, थर्मोस्टॅट व रेडिएटरची सफाई ७५०, ब्रेक सिलिंडर १,४५०, व्हील अलाइनमेंट ६००. एकूण १२,८००. सर्व पावत्या कार्यालयात लावल्या आहेत, कोणीही पाहाव्यात.

कॅरिअर उतरवला, चालकांना ताशी ७० ची मर्यादा घातली. पुढच्या तीन टाक्यांत मिळून १,२८८ किलोमीटर झाले, डिझेल लागले ११३ लिटर. ॲव्हरेज ११.४. चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार जाते.

मंडळाची गाडी वर्षाला साधारण ९,००० किलोमीटर धावते. आधी त्याला ९७८ लिटर लागले असते, आता ७८९. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला सतरा हजार वाचले. दुरुस्तीचे पैसे नऊ महिन्यांत वसूल. आता ठरावाकडे पाहा. बारा लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत धरली तर लाखामागे महिना २,१०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे महिन्याला २५,२०० आणि पाच वर्षांत नुसते व्याज तीन लाखांवर. नव्या गाडीने लिटरला सोळा जरी दिले तरी आजच्यापेक्षा वर्षाला वीस-एकवीस हजारांचे डिझेल वाचेल. ते वाचवण्यासाठी वर्षाला तीन लाखांचा हप्ता भरायचा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरे काय? आणि हा हप्ता जाणार कुठून? दहावीच्या मुलांना आपण जी शिष्यवृत्ती देतो त्याच निधीतून. ठरावात ही ओळ लिहिलेली नव्हती म्हणून ती मी इथे लिहितो.

भंगारवाल्यांइतकाच राग मला दुसऱ्या पक्षाचा येतो. तो पक्ष चमत्कारवाल्यांचा. एक सभासद डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक घेऊन आले: "तीस टक्के बचत, गॅरंटी!" अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशा शंभरावर उपकरणांची छाननी केली, त्यांत उपयोगाची अगदी मोजकी निघाली, आणि तीही नावापुरती. दुसऱ्यांनी चिप आणली. ती चिप संगणकावर चालणाऱ्या इंजिनासाठी असते. आपल्या सुमोचा पंप यांत्रिक, तिला ती जोडायची कुठे, देवाला माहीत. तिसऱ्यांचा सल्ला सर्वांत घातक: "पंपाचा स्क्रू थोडा फिरवून घ्या, पिकअप वाढेल." वाढेल, नाही कशाला? डिझेल जास्त सोडले की ओढ वाढते. धूरही वाढतो, इंजिनाचे तापमान वाढते, हेड गॅस्केट जाते आणि ॲव्हरेज खाली येते. त्या स्क्रूवर सील असते ते शोभेला नव्हे.

आणखी एक "बचत" आपल्यात फार लोकप्रिय आहे: घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणे, कोणी तर इंजिनच बंद करतात. बाबांनो, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरून पाय काढला की डिझेल तसेही तुटते. इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंपही बंद होतो, आणि मग ब्रेक दगडासारखा लागतो. चोर्ला घाटात दोन रुपयांचे डिझेल वाचवायला मंडळाची दहा माणसे पणाला लावू नका.

माझ्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. डिझेलचा धूर विषारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. हीच गाडी रोज सकाळी आपल्या मराठी शाळेच्या फाटकासमोर सुरू होत होती आणि प्रार्थनेच्या रांगेतली पोरे नाकाला रुमाल लावत होती. गाडीच्या खणात प्रदूषण तपासणीचे "पास" सर्टिफिकेट होते. ते कसे मिळाले हे विचारायला नको. आपण सगळ्यांनीच ती शंभराची सोय कधी ना कधी केलेली आहे. भाषेच्या अन्यायावर पत्रके काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःच्याच मुलांच्या तोंडावर धूर सोडावा आणि खोटा कागद खिशात ठेवावा, याची लाज मला वाटली. तुम्हालाही वाटावी.

दुरुस्तीनंतर मी समोर उभा राहून तपासणी करवून घेतली. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एकक आहे. आपल्या गाडीचा आकडा ४१ आला. वय आणि धूर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच माझे म्हणणे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना सरसकट बंदी झाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये पंपावर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांत तो थांबवावा लागला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयानेही बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांना केवळ वयावरून होणाऱ्या कारवाईतून वगळले. आपली गाडी बीएस-४ च्या आधीची. म्हणून आपली जबाबदारी उलट अधिक आहे. तिची नोंदणी २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी नव्याने झाली. २०२८ मध्ये ती वीस वर्षांची होईल; त्या वयाच्या गाडीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार झाली आहे. तेव्हा पुन्हा हिशेब मांडू.

वार्षिक सभेत मी पुढील मागण्या मांडणार आहे:

१. गाडीत लॉगबुक राहील. जो डिझेल भरेल तो किलोमीटर, लिटर आणि सही लिहील. तीन टाक्यांचे ॲव्हरेज सूचनाफलकावर लागेल.

२. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हवा, ऑईल, पाणी, हवेचा फिल्टर बघायचा आणि डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडायचे.

३. चुंबक, चिप, टॉनिक आणि स्क्रू यांना मंडळाच्या गाडीत प्रवेश नाही.

४. दर सहा महिन्यांनी खरी धूरतपासणी, कार्यकारिणीच्या दोन सभासदांसमक्ष.

५. दुरुस्ती करूनही आकडा ६५ च्या वर राहिला तर त्याच दिवशी गाडी भंगारात. त्या ठरावाला पहिला हात माझा असेल.

६. तोवर शिष्यवृत्ती निधीला कोणी हात लावायचा नाही.

ज्येष्ठ सभासदांना विनंती, की मला इंजिनातले काय कळते हे पुन्हा विचारण्याआधी त्यांनी लॉगबुकाचे पहिले पान बघावे. ते मी लिहिले आहे. दुसरे पान कोरे आहे. ते तुमच्या सहीसाठी.