पहिला भाग कसाबसा संपव म्हणे!

"पहिला भाग कसाबसा संपव गं, दुसऱ्यापासून खरी मजा आहे." गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता कुणी तोंड उघडलं तरी पुढचं मला पाठ येतं. विषय असतो रोमँटसीचा. रोमान्स अधिक फँटसी म्हणजे रोमँटसी. २०२४ साली ऑक्सफर्डवाल्यांनी वर्षाचा शब्द निवडायला जी छोटी यादी काढली होती, तिच्यात हा शब्द होता, इतका तो रुळलाय. आपल्या नात्यातल्या निम्म्या मुली नि सुना हे वाचतात, आणि ज्या वाचत नाहीत त्यांच्या हातात बळंच देतात. वाचतात याचा मला आनंदच आहे. माझं भांडण आहे ते पहिलं पुस्तक म्हणून जे दिलं जातं त्याच्याशी.

बहुतेक वेळा ते असतं सारा जे. मास या बाईंचं 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५). शिकार करून घर चालवणारी फेरा रानात एक लांडगा मारते, तो निघतो परीलोकातला कुणी, आणि त्याची भरपाई म्हणून टॅमलिन तिला भिंतीपलीकडच्या आपल्या मुलखात घेऊन जातो. सुरुवात झकास. (ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडावीत.) त्यानंतर बराच काळ ती बागेत हिंडते, चित्रं काढते, जेवते, आणि शेवटी टॅमलिनसाठी जिवावर उदार होते. २०१६ साली आलेल्या दुसऱ्या भागात कळतं की खरा नायक हा नव्हेच, दुसराच! म्हणजे नव्या वाचकानं चारशेच्या वर पानं एका प्रेमात जीव गुंतवायचा आणि मग ते सोडून द्यायचं. चाहत्या म्हणतात, त्यातच तर गंमत आहे, पुन्हा वाचताना पहिल्या भागात पेरलेल्या खुणा सापडतात. सापडत असतील. पण ती गंमत दुसऱ्यांदा वाचणारीची. पाहुण्याच्या ताटात करपलेली पोळी वाढून "ही खाऊन टाका, पुढची मऊ आहे" असं आपण म्हणतो का?

दुसरं नाव 'फोर्थ विंग' (२०२३), रिबेका यारोस यांचं. ड्रॅगनवर स्वार व्हायला शिकवणारं युद्धविद्यालय, परीक्षेत नापास म्हणजे मरणच. वेग जबरदस्त, मी नाकारत नाही. पण एकूण बेत पाच भागांचा, आणि २०२५ च्या जानेवारीत आलेल्या तिसऱ्या भागातही गोष्ट संपत नाही. ज्या माणसाला हा प्रकार आवडेल की नाही हेच अजून ठाऊक नाही, त्याला पाच भागांच्या पंगतीला बसवायचं!

तुम्ही म्हणाल, एक पुस्तक नाही आवडलं तर नाही आवडलं, आजीबाई, एवढं काय त्यात? तर सांगते. मी मराठी माध्यमातली, बी.ए.ही मराठीतूनच. इंग्रजी कादंबरी आजही मी सावकाश, शेजारी शब्दकोश ठेवून वाचते. आपल्याकडे या पुस्तकांना हात घालणाऱ्या कितीतरी जणी अशाच आहेत, फक्त शब्दकोश फोनमध्ये असतो एवढाच फरक. आता अशा बाईची पंचाईत बघा. एक शब्द अडला. तो इंग्रजीतला आहे की लेखिकेनं घडवलेला? शब्दकोशात नाही सापडला तर शब्द खोटा की शब्दकोश लहान? आणि सापडला तरी सुटका नाही. 'सिग्नेट' बघायला जावं तर कोश सांगतो मोहोरेची अंगठी, आणि 'फोर्थ विंग'मध्ये तो असतो ड्रॅगनमुळे स्वाराला मिळणाऱ्या सिद्धीसाठी. सराईत वाचणारीला हे कळतही नाही, ती पुढे निघून जाते. नवी मात्र तिथेच बसते.

वर्गात इतकी वर्षं पुस्तकं वाटली, त्यात एक गोष्ट पाहिली. पुस्तक अर्धवट टाकणारं मूल "पुस्तक कंटाळवाणं होतं" असं क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, "बाई, मला नाही जमत." आणि तेच खरं धरून बसतं. मोठ्या माणसांचंही तेच होतं, फक्त ती "वेळच मिळत नाही हो" म्हणतात. चुकीच्या पहिल्या पुस्तकानं जाते ती एक संध्याकाळ नव्हे, एक वाचणारी जाते. म्हणून एवढी चिडचिड.

वयाचंही बोलून टाकते. 'थॉर्न्स अँड रोझेस' सुरुवातीला किशोरांसाठी म्हणून विकलं गेलं, २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांच्या विभागात आलं. तरी एका भल्यामोठ्या दुकानात मी ते अजून लहान मुलांच्या फळीशेजारी पाहिलंय. त्यातला शृंगार उघडावाघडा आहे, आणि भागांबरोबर तो वाढतच जातो. बंदी घाला असं मी म्हणणार नाही, एकोणीस वर्षांच्या मुलीनं काय वाचायचं ते तिचं तिनं ठरवावं. पण मुखपृष्ठ सुंदर दिसलं म्हणून तेरा वर्षांच्या नातीच्या वाढदिवसाला ते घेणाऱ्या आजी-आजोबांनी निदान चार पानं मधूनच उघडून बघावीत की नाही?

आता माझ्या पिढीकडे वळते, कारण तिकडेही नाकं मुरडलेली आहेत. "परीकथाच त्या, वाढलेल्या मुलींनी काय वाचायच्या?" अहो, आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्द आला कुठून? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. आणि त्यात आहे काय? गंधर्वकन्या कादंबरीचं चंद्रापीडावर प्रेम, महाश्वेतेचं पुंडरीकावर, दोन्ही प्रियकर मरतात, शापानं पुन्हा जन्म घेतात, चंद्र स्वतः माणूस होऊन येतो, आणि गोष्ट सांगतो कोण, तर पोपट! नखशिखांत रोमँटसी. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या बघा, हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८). याच जातीच्या. आपले टीकाकार त्यांना अद्भुतरम्य म्हणत, आणि रोमँटसीला याहून नेमका मराठी शब्द मला तरी सुचत नाही. पुढे हरिभाऊ आपटे आले, वास्तवाचा मान वाढला (वाढायलाच हवा होता), आणि अद्भुत तेवढं पोरांच्या कपाटात गेलं. तेव्हा नाक मुरडण्याआधी आपलं घराणं आठवा.

असो. मग द्यायचं काय? माझी कसोटी साधी आहे. एक, गोष्ट त्याच पुस्तकात संपली पाहिजे. दोन, जादू काढून घेतली तर प्रेम उभं राहता कामा नये. बाणाच्या 'कादंबरी'तून शाप नि पुनर्जन्म काढा, प्रेम अर्ध्या वाटेत मरतं. ('फोर्थ विंग'ही या दुसऱ्या कसोटीला उतरतं बरं का, कारण तिथे दोघांचे ड्रॅगन एकमेकांचे जोडीदार आहेत, म्हणून स्वारही बांधले गेलेत. पुस्तक वाईट नाही. पहिलं म्हणून वाईट.)

माझं पहिलं पुस्तक डायना विन जोन्स यांचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' (१९८६). सोफी टोप्यांच्या दुकानात मान मोडून काम करणारी, थोरली म्हणून आपलं काही भलं व्हायचंच नाही असं स्वतःच ठरवून टाकलेली. जत्रेच्या दिवशी एक देखणा तरुण बोलायला आला तर उंदरासारखी बावरते. मग एक चेटकीण तिला शाप देऊन नव्वदीची म्हातारी करते, आणि वर तोंडबंदी, शापाबद्दल कुणाला सांगता यायचं नाही. झालं! सांधे कुरकुरतात, कंबर धरते, पण जीभ सुटते. ती सरळ बदनाम जादूगार हाऊलच्या चालत्याफिरत्या किल्ल्यात घुसते, स्वतःला मोलकरीण म्हणून नेमून घेते, जळमटं काढते, चुलीतल्या कॅल्सिफर नावाच्या आगीच्या राक्षसाशी सौदा करते, आणि हाऊलला येताजाता झापते. तोही असा नटवा की केसांचा रंग बिघडला म्हणून अंगातून हिरवा चिखल गाळत बसतो! जत्रेतला तो देखणा तरुण हाच. तरुण सोफी ज्याच्यापुढे पळाली, त्याच्याशी म्हातारी सोफी भांडू शकते, आणि भांडता भांडताच जे व्हायचं ते होतं. शाप नसता तर या दोघांचं बोलणंही झालं नसतं. माझ्या वयाच्या बाईला यात काय काय सापडतं ते इथे लिहीत नाही, वाचा म्हणजे कळेल. इंग्रजी सोपं, विनोद पानोपानी. मियाझाकींचा २००४ चा सिनेमा सुंदर आहे, पण त्यात युद्धच फार मोठं झालंय, सोफीची जीभ पुस्तकातच जास्त तिखट.

"ते तर मुलांचं पुस्तक!" मिळालं हे उत्तर मला. असेना का. नवीन प्रांतात शिरणारा माणूस त्या प्रांतापुरता मूलच असतो.

दुसरं रॉबिन मॅकिन्ली यांचं 'ब्यूटी' (१९७८). ब्यूटी अँड द बीस्टची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, म्हणून नव्या वाचकाला आधार मिळतो. पशूच्या ग्रंथालयात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तकंही आहेत, एवढ्या एका कल्पनेसाठी मी ते दोनदा वाचलं. किल्ल्यांचा कंटाळा असेल तर चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांचं 'द मिस्ट्रेस ऑफ स्पायसेस' (१९९७), ओकलंडमधल्या मसाल्यांच्या दुकानात बसणारी, प्रेमाची मनाई असलेली तिलो. हळद नि मेथी तरी शब्दकोशात शोधावी लागत नाही.

नाओमी नोविक यांचं 'अपरूटेड' (२०१५) मी पहिलं म्हणून देणार नाही, जरी त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला आणि त्यातलं ते दुष्ट रान अंगावर येतं. त्यातला शंभरी ओलांडलेला जादूगार सतरा वर्षांच्या मुलीला येताजाता मूर्ख ठरवतो, आणि ते प्रेमाच्या वाटेवरचं म्हणून आपण गोड मानून घ्यायचं. उर्मटपणा म्हणजे लपलेलं प्रेम, हे सूत्र या प्रांतात फार बोकाळलंय. हाऊल नखरेल आहे, पळपुटा आहे, पण सोफी त्याला जशास तसं देते. पॅट्रिशिया मॅकिलिप यांचं 'द फरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड' (१९७४) मात्र दुसरं-तिसरं म्हणून जरूर द्या. तिथे एक राजा नायिकेची इच्छाशक्तीच मोडून काढू बघतो, आणि ती सूड घ्यायला निघते तेव्हा प्रेमाचंही हत्यार करते. तिला क्षमा करावी की नाही, माझं अजून ठरत नाही.

मैत्रिणी सगळ्या 'फोर्थ विंग' वाचताहेत म्हणून एखादी तेच घेईल, तर घेऊ दे. सोबतीनं वाचण्यात मजा आहेच. मी बोलतेय ते आपण निवडून देतो त्या पुस्तकाबद्दल.

माझी 'हाऊल'ची प्रत सध्या नाशिकला भाचीकडे आहे. तिच्यानंतर दोघींचे नंबर लागलेत, तिसरीनं खाली नाव लिहून ठेवावं. पानं दुमडू नयेत, आणि मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिलेले शब्दार्थ माझे आहेत, ते खोडू नयेत.