माल परत मागवायचा, पण कोणाकडून?

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत शिडी ही सणासुदीला, फार तर पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकताना लागणारी वस्तू होती. सिमेंटच्या छताची घरे आली आणि तिचे स्थान बदलले. नळाला रोज पाणी येण्याची शाश्वती नसल्यामुळे छतावर टाकी आली. टाकीतील पाणी पाहण्यासाठी, ती धुण्यासाठी किंवा वाल्व्ह फिरवण्यासाठी घरातील कोणाला तरी वर चढणे प्राप्तच झाले. जिना बांधण्याइतकी ऐपत सर्वांचीच नसते. त्यामुळे लोखंडी नळ्यांची किंवा ॲल्युमिनियमची घडीची शिडी हे मध्यमवर्गीय आणि त्याहून खालच्या संसाराचेही साधन झाले आहे. ती कोठून येते? काही बाहेरगावच्या कारखान्यांतून हार्डवेअरच्या दुकानांत येतात, काही गावातील वेल्डिंगच्या दुकानात जोडल्या जातात, तर काही हल्ली घरपोच मागविल्या जातात.

या तीन वाटांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. सदोष वस्तू बाजारातून परत मागविण्याची जी व्यवस्था देशाने कायद्याने उभी केली, ती या तीन वाटांना सारखी लागू पडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहता भारतीय ग्राहकाने मोठा पल्ला गाठला आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याचा भर, काही अपवाद सोडले तर, ग्राहकानेच माल पारखून घ्यावा यावर होता. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, त्यानंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. तथापि त्या कायद्याचा रोख मुख्यतः ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्यावर होता. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि धोकादायक माल परत मागविण्याचा, तसेच ग्राहकांना किंमत परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार कलम २० ने त्याला मिळाला.

हा अधिकार कागदावरच राहिला असे म्हणता येणार नाही. घरगुती प्रेशर कुकरवर मानक ब्यूरोचे चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यानंतरही चिन्ह नसलेले कुकर विकले जात असल्याचे आढळताच प्राधिकरणाने २०२२ मध्ये घरपोच विक्री करणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली. ॲमेझॉनच्या व्यासपीठावरून २,२६५ तर फ्लिपकार्टवरून ५९८ कुकर विकले गेले होते. प्रत्येक खरेदीदाराला कळवावे, माल परत घ्यावा, पैसे द्यावेत आणि एक लाख रुपये दंड भरावा, असे आदेश निघाले. ॲमेझॉनने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हाही ग्राहकांना कळविण्याच्या बंधनातून तिची सुटका झाली नाही. मात्र एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या विक्रीतून ॲमेझॉनला शुल्कापोटी सुमारे ६ लाख १४ हजार रुपये मिळाले होते. मिळकत सहा लाखांची आणि दंड एका लाखाचा, असा हा हिशेब आहे. पैसे परत करण्याची सक्ती त्यासोबत नसेल, तर नुसत्या दंडाला कोणताही व्यापारी धंद्याचा किरकोळ खर्च समजेल.

परंतु त्या आदेशाची खरी ताकद दंडात नसून २,२६५ या नेमक्या संख्येत होती. विक्रेत्याजवळ प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक होता, म्हणून संख्या कळली आणि माणसे सापडली. कळंबच्या किंवा उमरग्याच्या बाजारात बिलाविना घेतलेल्या शिडीचे काय? तिच्यावर उत्पादकाचे नाव नसेल, तुकडीचा क्रमांक नसेल आणि दुकानदाराच्या वहीत ग्राहक नसेल, तर परत मागविण्याचा आदेश दिल्लीत निघून दिल्लीतच राहील. वेल्डिंगच्या दुकानातील शिडीची गोष्ट याहून वेगळी आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार तो कारागीरही उत्पादकच ठरतो. सदोष मालाची जबाबदारी त्याच्यावरही येते. मात्र वर्षाकाठी दहा-वीस शिड्या करणाऱ्याकडून माल परत मागविणे याला फारसा अर्थ नाही. त्याला हवी आहे ती माहिती: नळीची जाडी किती असावी, पायरीचा जोड दोन्ही अंगांनी का भरावा, पायाला रबर का हवे. परांची आणि शिड्या यांविषयीची मानक ब्यूरोची सुरक्षा-संहिता आहे, पण ती त्याच्या हाती कोण देणार?

अर्थशास्त्रात या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. वस्तूचा दोष विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले. शिडीच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडते. दोन शिड्या शेजारी ठेवल्या तर कच्चा जोड रंगाखाली दिसत नाही, दिसते ती किंमत. स्वस्त शिडी विकली जाते, नीट भरलेल्या जोडाची पडून राहते. पुढे पायरी निखळली तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी ही उत्पादकाच्या जमाखर्चात कोठेच येत नाही. ती एका कुटुंबाच्या कर्जात जमा होते. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या या जिल्ह्यात असे कर्ज फेडायला किती हंगाम लागतात, हे शेतमजुराला विचारावे.

जिल्हा ग्राहक आयोगाचे दार अशा कुटुंबाला उघडे आहे. माल कोठूनही घेतला असला तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण बिल नसेल तर खरेदी सिद्ध करण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. शिवाय एका घराला मिळालेली भरपाई शेजारच्या घरातील तशीच शिडी बाजूला करीत नाही.

नव्या कायद्यातील एक तरतूद येथे उपयोगी पडावी. एकाच प्रकारच्या ग्राहकांच्या हक्कभंगाची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार कलम १६ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. याची चर्चा तालुक्याच्या गावी क्वचितच ऐकू येते. चौकशी करायची तर आधी अपघात एकत्र मोजले गेले पाहिजेत. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने आलेला ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोग निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून, जखम कोणत्या वस्तूमुळे झाली याची नोंद नियमित गोळा करतो. शिड्यांसह अनेक वस्तू परत मागविताना तो मॉडेलचा क्रमांक, विक्रीचा काळ आणि दोषाचे स्वरूप जाहीर करतो. धाराशिवला एवढा मोठा पसारा नको. तुळजापूर, परंडा, भूम येथील सरकारी रुग्णालयांत पडून जखमी झालेल्याच्या केसपेपरवर वस्तूची बनावट आणि खरेदीचे ठिकाण असे दोन रकाने वाढविता येतील. बिल न देणाऱ्या हार्डवेअर दुकानांची तपासणी त्याच सुमारास करता येईल. काही महिन्यांत त्या नोंदी एखाद्या बनावटीकडे बोट दाखवू लागल्या, तर कलम १६ खालील चौकशीस लागणारा पहिला कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या हाती असेल.