परभणीकरांनो, नेत्याला ‘चळलेला’ ठरवण्याआधी त्याच्या कामाचा हिशेब मागा



एक विनंती आहे, आणि ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. वयस्कर पुढाऱ्याची दहा-वीस सेकंदांची चित्रफीत तुमच्या मोबाईलवर येते. भाषणात तो तालुक्याचे नाव चुकलेला असतो, शेजारी बसलेल्याला भलत्याच नावाने हाक मारतो, नाहीतर माईकसमोर क्षणभर गप्प होतो. खाली कोणीतरी लिहिलेले असते, ‘म्हातारं चळलंय’. ती फीत पुढे पाठवू नका. ती आपल्या विरोधी पक्षाच्या माणसाची असली तरी पाठवू नका. आता तर आवाज आणि चेहरा जसाच्या तसा बनवून खोटी फीत तयार करणे पोराटोरांना जमते.

आणि त्याच वेळी, ज्याला आपण निवडून दिले तो माणूस खरोखर स्वतः वाचून, समजून, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतो आहे का, हा प्रश्न मात्र सोडू नका. आपला जिल्हा नऊ तालुक्यांचा. विधानसभेच्या चार जागा आणि लोकसभेचा एक मतदारसंघ. येलदरीचे पाणी, निम्न दुधनाचे आवर्तन, पीकविम्याचे पैसे, गंगाखेड-पालमचे रस्ते, सगळे मोजक्या माणसांच्या सहीवर अडलेले असते. सही साहेबांची आणि निर्णय भलत्याचा, असे एखाद्या कार्यालयात होऊ लागले तर त्याची किंमत साहेब देत नाहीत, सोनपेठचा आणि जिंतूरचा शेतकरी देतो. म्हणून प्रश्न विचारलाच पाहिजे. तो कुठे विचारायचा आणि निवाडा कोणी करायचा, एवढेच मला सांगायचे आहे.

सत्तेवरच्या माणसाला वेडा ठरवण्याचा एक प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. आपण तो शाळेत टिळक-आगरकरांच्या तुरुंगवासाची गोष्ट म्हणून शिकतो आणि मूळ प्रकरण विसरतो. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, कारभारी माधवराव बर्वे. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे जाहीर झाले. त्यांना तसे ठरवणारे आणि त्यांचा कारभार हाती असणारे लोक एकाच बाजूचे होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने आवाज उठवला की महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना वेडे केले जात आहे. आवाज उठवला हे योग्यच होते. पण त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. तिथे २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला.

या प्रकरणात दोन्ही बाजूंनी घात झाला आहे. सत्ता चालवणाऱ्यांनी बंद दाराआड निवाडा केला, म्हणून तो लोकांना पटला नाही. आणि टिळक-आगरकरांसारखी माणसेसुद्धा खोट्या कागदांवर विसंबून फसली. टिळकांपेक्षा आपण जास्त चिकित्सक आहोत, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का? तरीही आपण रोज मोबाईलवर येणाऱ्या न तपासलेल्या कागदांवर माणसांना भ्रमिष्ट ठरवतो आहोत.

परभणीला तर हे निराळे सांगायची गरज नसावी. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पकडलेला माणूस मनोरुग्ण आहे असे सरकारकडून सांगण्यात आले आणि शहरातल्या असंख्य लोकांना ते पटले नाही. पुढे जे घडले त्याची जखम अजून ओली आहे. ‘मनोरुग्ण’ या एका शब्दात किती ताकद असते आणि तो कोणी, कशाच्या आधारावर उच्चारला हे लोकांना समजले नाही तर काय होते, ते आपण आपल्याच रस्त्यावर पाहिले आहे.

आता कायद्याकडे पाहू, कारण खरी पोकळी तिथे आहे. राज्यघटनेच्या कलम १०२ नुसार खासदार आणि कलम १९१ नुसार आमदार विकल मनाचा असेल आणि सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केले असेल तरच अपात्र ठरतो. सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी करू शकते. या दोन टोकांच्या मध्ये काहीही नाही. शरीराने हजर, न्यायालयाचा कसलाही निकाल नाही, पण काल काय ठरले ते आज आठवत नाही, अशा माणसासाठी कायद्यात रस्ता नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात न्यायालयीन चौकशीची पद्धत तरी होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती ठेवली नाही. या नव्या कायद्याने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही, आणि राजकीय, सामाजिक किंवा आर्थिक स्थितीकडे बघून आजार ठरवता येत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला. तेव्हा नैराश्यावर औषध घेणारा आमदार नालायक ठरत नाही, हे आपण पक्के लक्षात ठेवू.

गंमत नाही, खेदाची गोष्ट आहे की गावच्या सरपंचासाठी मात्र ही सोय आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ मध्ये सरपंच किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याच्या कारणांत कर्तव्य पार पाडण्यातली असमर्थता हेही एक कारण आहे. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात, त्या माणसाला आपले म्हणणे मांडायची संधी मिळते, निर्णय विभागीय आयुक्त देतात आणि त्यावर शासनाकडे अपील करता येते. या कलमाचा राजकारणासाठी वापर होतो, हे मानवत-पाथरीच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. तरीही त्यात नोटीस आहे, चौकशी आहे, अपील आहे. पूर्णा तालुक्यातल्या हजार वस्तीच्या गावचा सरपंच असमर्थ आहे का हे तपासता येते, आणि वर्षाला ५ कोटींचा आमदार निधी वाटणाऱ्याचे किंवा अख्खे खाते सांभाळणाऱ्या मंत्र्याचे तपासता येत नाही. हा अन्याय सरपंचावरही आहे आणि आपल्यावरही.

कोणी म्हणेल, सरळ वयाची अट घाला. राज्य सरकारचा नोकर साधारण ५८ व्या वर्षी घरी जातो, उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ व्या, सर्वोच्च न्यायालयाचा ६५ व्या. मग पुढाऱ्याला का नाही? मला ही वाट पटत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, पंच्याऐंशी ओलांडल्यावरही निवडून आले, आणि २०१९ मध्ये स्वतःहून थांबले. मोरारजी देसाई ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले. ५ जुलै २०२३ ला वांद्र्याच्या सभेत अजित पवारांनी शरद पवारांचे वय काढले, तेव्हा सगळा महाराष्ट्र दोन तट पाडून वयावर भांडला. कामाच्या कागदांवर कोणी बोलले नाही. वय हे कोणाच्याही जन्मदाखल्यावर वाचता येते, म्हणून ते हत्यार म्हणून सोपे पडते. बुद्धी तशी वाचता येत नाही.

डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील. नावे पटकन न आठवणे वयानुसार होते. ऐकू कमी येणारा माणूस भलतेच उत्तर देतो आणि लोक त्याला विसरभोळा समजतात. म्हातारपणी अचानक आलेला गोंधळ पुष्कळदा शरीरातले सोडियम कमी झाल्याने, लघवीच्या संसर्गाने, झोपेच्या गोळीने किंवा नुसते पाणी कमी पडल्याने येतो आणि उपचारांनी जातो. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता यांनीही विस्मरण होते. परभणीचा एप्रिल तुम्ही जाणता. २०२४ च्या लोकसभेला आपले मतदान २६ एप्रिलला होते. त्याच्या दोन दिवस आधी पुसदच्या सभेत नितीन गडकरी भाषण करता करता भोवळ येऊन कोसळले, थोड्या वेळाने पुन्हा उभे राहिले आणि भाषण पूर्ण केले. ते सत्तरीचेही नव्हते. नुसती कोसळण्याची फीत पाहणाऱ्याने काय निष्कर्ष काढला असता?

स्मृतिभ्रंश हा खरा आजार मात्र दबक्या पावलांनी, महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. त्याच्या तपासणीसाठी तीस गुणांची एक छोटी परीक्षा असते: घड्याळ काढा, काही शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगा, वगैरे. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. आणि शाळा कमी शिकलेल्या माणसाला तीत कमी गुण पडतात. टँकर कुठल्या वाडीला आधी लागेल हे नकाशा न बघता सांगणारा आपल्याकडचा चौथी शिकलेला कार्यकर्ता तिथे कमी पडू शकतो. म्हणून अशा गुणांचा आकडा सभेत फडकावणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

दुरून निदान करण्याचा मोह डॉक्टरांनाही आवरला नव्हता. अमेरिकेत १९६४ साली ‘फॅक्ट’ नावाच्या नियतकालिकाने बॅरी गोल्डवॉटर या उमेदवाराबद्दल १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना विचारले. २,४१७ जणांनी उत्तर दिले आणि १,१८९ जणांनी, त्याला कधी न तपासता, तो राष्ट्राध्यक्षपदाला लायक नाही असे सांगितले. गोल्डवॉटरने त्या नियतकालिकावर खटला भरून जिंकला. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला की न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीवर मत द्यायचे नाही. उलट टोक ट्युनिशियात दिसले. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी पंतप्रधान बेन अली यांनी डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुढे करून वृद्ध राष्ट्राध्यक्ष बुरगिबांना हटवले आणि स्वतः तेवीस वर्षे राज्य केले. म्हणून प्रक्रिया हवी, पण तिची चावी सत्तेत बसलेल्यांच्या हाती नको.

जॉर्ज फर्नांडिस मला या सगळ्यात वारंवार आठवतात. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडणारा, १९७४ चा रेल्वे संप उभा करणारा माणूस. २००९ मध्ये त्यांच्या पक्षाने प्रकृतीचे कारण देऊन लोकसभेचे तिकीट नाकारले, ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. त्याच वर्षी त्यांना राज्यसभेवर पाठवले गेले. अल्झायमरने त्यांना ग्रासले होते. वर्षभरात त्यांची देखभाल कोणी करायची हा वाद दिल्लीत न्यायालयात गेला. मी कोणाला दोष देत नाही. ज्या माणसाच्या हाकेसरशी मुंबई बंद होत असे त्याला सन्मानाने निवृत्त करण्याची रीत ना पक्षाकडे होती ना कायद्यात, आणि ते पाहताना जीव तुटत असे.

म्हणून पहिले आवाहन पुढाऱ्यांच्या घरच्या माणसांना, पीएंना, चालकांना, जुन्या कार्यकर्त्यांना. सगळ्यांच्या आधी तुम्हाला दिसते. तेच तेच विचारणे, पैशाच्या व्यवहारात गोंधळ, न वाचता सही, रोजच्या रस्त्यावर चुकणे हे महिनोन्महिने दिसत असेल तर झाकू नका, आणि त्या सहीचा फायदा तर मुळीच घेऊ नका. तज्ज्ञाकडे न्या. काही सुचत नसेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा; तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

पक्षांच्या जिल्हाध्यक्षांना विनंती आहे की उमेदवाराशी बंद खोलीत, त्याचा मान राखून, हे बोलण्याचे धाडस करा. तिकीट कापताना प्रकृतीचे खोटे कारण पुढे करू नका, आणि तिकीट देताना खरे लपवू नका.

आणि मतदारांनो, तुम्ही वैद्यकीय अहवाल मागू नका, कामाचा कागद मागा. खासदाराची हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर आहेत. आमदार निधीतली कामे जिल्हा नियोजन कार्यालयाकडून माहिती अधिकारात मिळतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. गावात आल्यावर साहेबांना भाषण नको म्हणा, प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून ऐका. शेजारचा मुलगा, पुतण्या किंवा पीए बोलू लागला तर नम्रपणे सांगा, आम्ही साहेबांना निवडून दिले आहे.

येणाऱ्या पहिल्याच ग्रामसभेत एक ठराव मांडा. सरपंचाच्या असमर्थतेची चौकशी होते तशी आमदार-मंत्र्यांची करण्याची पद्धत विधिमंडळाने घालावी. तपासणारे डॉक्टर सरकारने नेमलेले नसावेत, त्या माणसाला बाजू मांडता यावी आणि अपील असावे, आजाराचे नाव गुप्त राहावे, बाहेर फक्त समर्थ की असमर्थ एवढेच यावे. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून घ्या, आपल्या आमदाराच्या कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.