परदेशी निघालेल्या लेकीचा नियम कोणी ठरवायचा?



माझी धाकटी पुतणी मार्चअखेरीला जपानला निघाली आहे. तिथल्या शाळांमध्ये मुख्य शिक्षकाच्या जोडीला इंग्रजीसाठी परदेशी मदतनीस शिक्षक घेतात, तसं काम तिला मिळालं आहे. जपानी शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून ही घाई. गेले दोन महिने शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात दुसरा विषय नाही. मेतकूट किती, भडंग किती, कुकर दोन लिटरचा की तीनचा! आणि फिरून फिरून एकच प्रश्न येतो, पोरगी तिथं खाणार काय?

परवा चतुर्दशीला बस्तीत दर्शन घेऊन बाहेर आले, तर एका ज्येष्ठ आक्कांनी हटकलं. "दिग्व्रत म्हणून काही आहे की नाही आपल्यात? एवढ्या लांब पोरीला एकटीला धाडताय." मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येऊन विचार केला, तो इथे मांडते.

दिग्व्रत हे गुणव्रतांतलं पहिलं. दाही दिशांना आपण कुठवर जाणार याची मर्यादा श्रावकाने घालून घ्यायची, म्हणजे त्या मर्यादेपलीकडे आपल्या हातून हिंसा आणि लोभाचे व्यवहार होत नाहीत. पण कोणतंही व्रत असो, ते घेणाऱ्याने स्वतः समजून घ्यायचं असतं. पुतणीच्या वतीने मी दिग्व्रत घेऊ शकत नाही, तिची आई नाही, आक्काही नाहीत.

दुसरी गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. माझा मुलगा बारा वर्षांपूर्वी जर्मनीला गेला, तेव्हा मला कोणी दिग्व्रताची आठवण केली नाही. सगळ्यांनी पगार विचारला, पेढे मागितले. तो तिथं काय खातो हे मीसुद्धा कधी खोदून विचारलं नाही, कारण नको ते उत्तर आलं असतं तर काय करायचं, ही भीती होती. मुलगा जातो तेव्हा कुळाचं नाव होतं आणि मुलगी निघाली की धर्म बुडतो, हा हिशेब मला आता पटत नाही.

म्हणून माझं मत असं, की परदेशी निघालेल्या मुलीचा नियम तिचा तिने ठरवावा, स्वतःच्या हाताने लिहावा, आणि आपण तो पाळायला मदत करावी. मात्र ठरवण्याआधी तिथली खरी परिस्थिती समजून घ्यायला हवी. आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

आधी रात्रिभोजन. कोल्हापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, टोकियोत साडेचारलाच. शाळेतून घरी पोचेपर्यंत अंधार. जूनमध्ये उलटं, पहाटे साडेचारला उजाडतं आणि मावळतं सातला. म्हणजे 'रात्री जेवू नकोस' एवढं इथून सांगणं सोपं, पण हिवाळ्यात तिला चार वाजता शाळेतच डबा उघडावा लागेल. ते चालेल का, हे तिने आधी विचारून घ्यायचं.

मग 'दाशी'. सुकवलेल्या माशाचे पापुद्रे पाण्यात उकळून काढलेला हा अर्क तिथल्या सारात, रश्शात, भाजीतसुद्धा असतो. वाटीत मासा दिसत नाही. 'मांस नको' म्हटलं तरी दाशीचं सार पुढे येतं, कारण देणाऱ्याच्या मते ते मांस नव्हेच. म्हणून मांस, मासे, अंडी, दाशी या शब्दांची जपानी अक्षरं कार्डावर लिहून तिने पर्समध्ये ठेवली आहेत. तिथल्या बौद्ध मठांमध्ये 'शोजिन' नावाचा स्वयंपाक करतात. त्यात मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. कंदमुळं असतात, पण 'माझं जेवण शोजिनसारखं' म्हटलं की तिथल्या माणसाला अर्धी गोष्ट कळते. कोबे शहरात 1985 साली बांधलेलं जैन मंदिरही आहे. श्वेतांबर असलं तरी महावीर तेच. पर्युषणात जाता येईल, ही आईला केवढी दिलाशाची बातमी!

हे सगळं ऐकून पुतणीने चार ओळी लिहिल्या. मांस, मासे, अंडी कधीच नाही. दाशीबद्दल प्रत्येक वेळी विचारायचं, नकळत पोटात गेली तर लपवायचं नाही, दुसऱ्या दिवशी एकाशन करायचं. कंदमूळ चातुर्मासात आणि पर्वाला बंद. रात्रिभोजनाचा त्याग अष्टमी-चतुर्दशीला आणि सुट्टीच्या दिवशी.

चौथ्या ओळीवर जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की आपल्या घरात रोज सूर्यास्तापूर्वी जेवणारं कोण आहे? सासूबाई होत्या, त्यांच्यानंतर कोणी नाही. चातुर्मास संपला की आपल्याच कढईत बटाटा पडतो. जे आपण पेठेत राहून पाळत नाही, ते पोरीने परक्या गावात एकटीने पाळावं म्हणणं बरं नाही. महाव्रतं मुनींसाठी आणि अणुव्रतं आपल्यासाठी सांगितली, ती आपली शक्ती ओळखूनच ना?

आपल्या कोल्हापूरने अशी एक तयारी पूर्वी पाहिली आहे. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव इथे टपाल खात्यात होते. इथूनच त्यांनी वाइल्डर या मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेत छापून आलं आणि ते वाचून कार्पेंटरबाईंनी या जोडप्याशी पत्रव्यवहार सुरू केला. 1883 च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत आनंदीबाईंनी इंग्रजीतून सांगितलं, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. नियम त्यांनी स्वतः जाहीर केला, म्हणून एप्रिलमध्ये अठराव्या वर्षी बोटीवर चढल्यावरही तो त्यांचाच राहिला. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या, बाविशीही पुरी झाली नव्हती. सीपीआरवरून जाताना मला हे आठवतं, आणि वाटतं की नियमाइतकीच काळजी शरीराची घ्यायला हवी. म्हणून भडंगाचा एक डबा कमी करून त्या जागी लोकरीचे कपडे बसवले. आईने बाजूला काढलेली लिंबं आणि कढीपत्ता तर घरीच राहणार, ताजी फळं-भाज्या जपानमध्ये अशा नेऊ देत नाहीत.

आता कागद आणि पैसे, कारण मी कॉमर्सवाली. ज्यांच्या मुली या वाटेने जाऊ पाहतात त्यांनी हे लक्षात ठेवा. जपानमध्ये भाषा शिकवण्याच्या कामासाठी त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झाल्याचं दाखवावं लागतं. पुतणी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होती, तरी प्रत्येक शाळेचा तसा दाखला गोळा करताना तिचे खूप हेलपाटे झाले. हे काम सहा महिने आधी सुरू करा. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा ठरावीक 7 देशांच्या नागरिकांनाच मिळतो, त्यांत भारत नाही. त्यामुळे कोणी 'कुठेही पाठवतो' म्हणून आगाऊ पैसे मागत असेल, तर तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते आधी पाहा.

तिथं घर भाड्याने घेताना अनामतीशिवाय घरमालकाला परत न मिळणारी भेट द्यायची पद्धत आहे, बहुधा महिन्याभराच्या भाड्याएवढी. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जाऊ शकतो. जाऊबाईंनी तिच्या लग्नासाठी पाटल्यांचे पैसे साठवले होते. त्यातून हा खर्च आणि परतीच्या तिकिटाची रक्कम पुतणीच्या स्वतःच्या खात्यात ठेवायची, असं मी सुचवलं. दोन दिवस अबोला झाला, पण ऐकलं. काम वाईट निघालं, माणसं वाईट निघाली, तर केवळ पैसे नाहीत म्हणून तिने तिथं एक दिवसही राहू नये.

शेवटची तयारी सध्या रोज संध्याकाळी चालते. ती मला इंग्रजीतून सांगते, की जैन म्हणजे कोण, आम्ही अंडं का खात नाही, बटाट्याला काय हरकत. मी जपानी मुलांसारखे वेडेवाकडे प्रश्न विचारते. वीरचंद गांधी 1893 साली शिकागोच्या परिषदेत इंग्रजीतून जैन धर्म सांगायला गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून आपल्याच काही लोकांनी त्यांना विरोध केला होता. आज आपण त्यांचे पुतळे उभारतो. पुतणीचा पुतळा कोणी उभारू नये. पण ती सुट्टीला घरी येईल, तेव्हा 'काय काय खाल्लंस गं?' या प्रश्नाने तिचं स्वागत होऊ नये, एवढं आपण नक्की करू शकतो.

आणि हो, तिची ती चार ओळींची वही पाहून मीही माझी एक ओळ लिहिली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण, रोज. बघूया किती दिवस जमतं.