दोष एकट्या डिझेलला कशाला?



‘पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलं, डिझेलच भेसळीचं’ हे पत्र वाचलं. भेसळ नसतेच असं नाही. पण आधी टायर बघा. हवा कमी असली की टायर फिरताना दबत राहतो, तापतो आणि डिझेल त्यातच जिरतं. हवा मोजावी सकाळी, टायर थंड असताना. हिंगणघाटहून धावून आल्यावर नव्हे.

आणि केबिनच्या वर हातभर चढवलेला कापूस? तो वाऱ्यापुढे भिंतच. ४४ नंबरच्या महामार्गावर ताशी ६०ऐवजी ८०नं पळवली, तर वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पटीहून अधिक होतो. पत्रलेखक पांढरकवड्यात कुणाला ओव्हरटेक करतात, देव जाणे!

वडकीहून बंद गाडी दोरानं ओढत आणली असेल, तर त्या दिवसाचं अ‍ॅव्हरेज धरूच नका.

– एक पिकअपचालक, केळापूर